फिल्टर लावला आणि बोर्ड शिट्टी मारायला लागला

ऐका जरा. माईक जवळ नेतो. बारीक शिट्टी येतीय ना?

उद्यमनगरात एका दोस्ताच्या मशीनच्या पॅनेलमधला हा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं सर्किट. २४ व्होल्ट घेतो, ५ व्होल्ट देतो, फुल लोडला ४८ वॅट ओढतो. बोर्ड मीच केलाय, म्हणजे शिव्या मलाच.

आधी तक्रार वेगळी होती. बोर्ड चालू केला की मीडियम वेव्ह रेडिओ खरखरायचा. स्विच सेकंदाला २ लाख वेळा करंट तोडून तोडून ओढतो, ते तुकडे सप्लायच्या वायरीवर जातात आणि वायरच अँटेना होऊन बसते. मग ते अडवायला इनपुटला फिल्टर : ४७ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. खरं तर दोन सिरॅमिक, कागदावर २०. पण २४ व्होल्ट बसले की निम्मेच उरतात, डेटाशीटचा ग्राफ बघा. फिल्टरचा कोपरा, म्हणजे जिथून तो अडवायला लागतो ती फ्रिक्वेन्सी, ७.३ किलोहर्ट्झला. २०० किलोहर्ट्झचा रिपल, म्हणजे त्या तुकड्यांची थरथर, हिशेबानं सातशेपट कमी. बेंचवर रेडिओ गप्प. मी खूश.

पॅनेलमध्ये बसवला आणि ही शिट्टी.

का? कन्व्हर्टरला ठराविक वॅट लागतातच. २४ व्होल्टला २ अँपिअर घेतो, २२ झाले की जवळजवळ २.२. व्होल्टेज घटलं की करंट वाढतो, म्हणजे उणे रेझिस्टन्स! किती? व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट : १२ ओहम. आणि माझा फिल्टर ७.३ किलोहर्ट्झला ४७ ओहमपर्यंत चढतो, कारण त्याला आवरणारा रेझिस्टन्स कॉइलचा आणि कपॅसिटरचा मिळून जेमतेम ०.१ ओहम. ४७ हे १२ च्या वर गेले, उणे रेझिस्टन्स जिंकला, आणि फिल्टर त्याच फ्रिक्वेन्सीच्या आसपास झुलत राहिला. तीच शिट्टी. फिल्टरचा इम्पीडन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध, हेच ते ओहम) कन्व्हर्टरच्या बराच खाली ठेवा, हे मिडलब्रूक यांनी १९७६ मध्येच मांडलंय. बेंचवर मी १० वॅटचाच लोड लावला होता. तिथं हिशेब ५७.६ ओहम येतो, ४७ च्या वर, म्हणून वाचलो. फुल लोडवर टेस्ट न करणं, हा शुद्ध आळस.

इलाज स्वस्त आहे. ४७ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, त्याच्या सिरीजमध्ये २.२ ओहम, आणि ही जोडी सिरॅमिकच्या पॅरलल. ४७ ओहमचं ते टोक अडीच ओहमच्या आत येतं. रेझिस्टर मात्र विसरू नका. नुसता भारी लो-ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेला) कपॅसिटर टाकला तर टोक पुरतं दबत नाही, फक्त त्याची फ्रिक्वेन्सी बदलते.

सोल्डर झालं... शिट्टी गेली.

पण रेडिओ परत खरखरतोय की! हे बघा, कॅमेरा इकडं. वायरिंगवाल्यानं फिल्टरच्या आधीची आणि नंतरची वायर एकाच केबल टायमध्ये आवळलीय. नॉइज फिल्टरला वळसा घालून निघालाय.

कटर दे रे. हं, आता लाव रेडिओ.