बकी

(दृश्य : पाचगणी. सकाळचं धुकं, सिल्व्हर ओकच्या रांगा. हळूहळू एका जुन्या शाळेचं फाटक दिसू लागतं.)

पाचगणीला आपण जातो ते टेबललँडवर घोड्यावर बसायला आणि स्ट्रॉबेरी खायला. वाटेत सेंट पीटर्स शाळा लागते. तिथं गाडी सहसा कुणी थांबवत नाही.

१९५०च्या दशकाच्या मध्यावर, आठ वर्षांचा एक पारशी मुलगा या शाळेत दाखल झाला. पुढं 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणून गाजणारा फारोख बुलसारा. आडनावातच गाव आहे : बुलसार, म्हणजे आजचं वलसाड. जन्म मात्र ५ सप्टेंबर १९४६चा, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचा. वडील बोमी तिथं इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल. झांझिबार ते मुंबई बोटीचा प्रवास, पुढं घाट. दर सुट्टीत घरी जाणं कुठलं जमायला? मग मुंबईतले नातेवाईक.

पोराच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते. त्यांच्या रेट्यानं पुढचे दात ओठाबाहेर डोकवायचे. बोर्डिंगमधली मुलं असं काही सोडतात होय! नाव पडलं, 'बकी'. पुढं आलेल्या दातांना इंग्रजीत 'बक टीथ' म्हणतात, त्यावरून.

बकी हसताना तोंडावर हात धरायचा. ही सवय त्याची शेवटपर्यंत गेली नाही. जुन्या मुलाखती बघा : प्रश्न संपायच्या आत वरचा ओठ दातांवर ओढला जातो. पुढं पैसा आला, लंडनमधला कुठलाही डॉक्टर परवडला असता. पण दात काढले तर आवाज बदलेल, ही धास्ती. दात राहिले.

(दृश्य : पियानोच्या पट्ट्या, अगदी जवळून.)

शाळेत पाच मुलांनी बँड काढला, 'द हेक्टिक्स'. त्यात बकी पियानोवर. हो, गायक दुसराच होता! रेडिओवर एकदा ऐकलेली चाल हा लगेच वाजवून दाखवायचा, असं त्याचे वर्गमित्र सांगतात. 'फ्रेडी' हे नावही इथलंच.

१९६४मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली, रक्तपात झाला. बुलसारा कुटुंब जेमतेम सामान घेऊन लंडनजवळच्या फेल्टममध्ये आलं. फ्रेडीनं ईलिंगच्या कला महाविद्यालयातून ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा घेतला, हीथ्रो विमानतळावर सामान उचललं, केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. १९७०मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर यांना गायक हवा होता. फ्रेडी आला, बँडला 'क्वीन' नाव दिलं, बोधचिन्ह स्वतः काढलं आणि बुलसाराचा मर्क्युरी झाला. बेस वाजवणारा जॉन डीकन वर्षभरानं आला.

(दृश्य : फिरणारी टेपची रिळं.)

१९७५. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. मधल्या ऑपेराच्या भागासाठी फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर दिवसचे दिवस तेच सूर पुन्हा पुन्हा गात राहिले, आवाजावर आवाज चढवत. टेप इतक्या वेळा यंत्रातून गेली की तिच्यावरचा थर झिजला. उजेडाला धरली तर आरपार दिसायचं. एवढं लांब गाणं रेडिओ लावणार नाही, असं जाणकारांचं मत. केनी एव्हरेट या निवेदकानं शनिवार-रविवारात ते १४ वेळा लावलं. गाणं ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

(दृश्य : वेम्बली स्टेडियम. आधी रिकामं, मग माणसांनी भरलेलं.)

१३ जुलै १९८५. इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी 'लाइव्ह एड'. भर उजेड, दिव्यांची करामत नाही, धूर नाही. पांढरी बनियन, फिकी जीन्स, हातात माइकचा अर्धाच दांडा. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात स्टँड मधूनच मोडला होता, तेव्हापासून तो तसाच. क्वीनच्या वाट्याला वीसेक मिनिटं. मध्येच वाद्यं थांबतात. फ्रेडी नुसता एक सूर फेकतो, 'एऽऽओ!' आणि ७२ हजार माणसं तो जसाच्या तसा परत करतात. तोंड पूर्ण उघडं, चारी जास्तीच्या दातांसकट. हात कुठंय बघा : आकाशात.

यानंतर सहा वर्षं. १९८७मध्ये एड्सचं निदान झालं. पत्रकार दाराशी तळ ठोकून, तो गप्प. २३ नोव्हेंबर १९९१ला निवेदन आलं, दुसऱ्याच संध्याकाळी तो गेला. वय ४५. पाचगणीबद्दल, पारशीपणाबद्दल तो चारचौघांत जवळजवळ बोललाच नाही; अंत्यविधी मात्र पारशी दस्तुरांनी केले, अवेस्तातल्या प्रार्थना म्हणून.

(दृश्य : स्वित्झर्लंड, माँत्रोचं तळं. पाण्यावर संध्याकाळ.)

त्याच वर्षी मे महिन्यात तो इथल्या स्टुडिओत होता. उभं राहणंही कठीण. ब्रायन कागदावर ओळी लिहून द्यायचा, फ्रेडी त्या लगेच ध्वनिमुद्रित करायचा. एका गाण्याचं शेवटचं कडवं उरलं. दमलोय, नंतर करू, म्हणून तो उठला.

ते गाणं १९९५मध्ये आलं. शेवटचं कडवं ब्रायनच्या आवाजात आहे.