फिटची गोळी आणि राधानगरीचे दरवाजे

पावसाळ्यात कोल्हापुरात प्रत्येकाच्या मोबाईलवर एक मेसेज हमखास येतो, 'राधानगरीचे दरवाजे उघडले.' ते कुणी बटण दाबून उघडत नाही बरं का. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला आलं की आपसूक उघडतात, उतरलं की मिटतात.

ते चित्र डोळ्यांसमोर असू द्या. आज बोलायचंय फिटच्या गोळ्यांवर. मिरगी म्हणा, फेफरं म्हणा, आकडी म्हणा.

मेंदूतल्या पेशींच्या आवरणातही असेच दरवाजे असतात. विजेचा दाब पातळीला पोचला की ते उघडतात, सोडियम आत घुसतं आणि पेशी शेजारणीला इशारा देते. मग दरवाजा मिटतो आणि क्षणभर कुलूपबंद राहतो. फिटमध्ये असंख्य पेशी एकाच ठेक्यात, थांबायचं नाव न घेता इशारे देत सुटतात. फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन ही फिटची औषधं हे कुलूप जरा जास्त वेळ धरून ठेवतात. आणि खुबी ही, की जो दरवाजा सारखा उघडझाप करतोय, त्यालाच ती जास्त पकडतात. म्हणून तर गोळी घेऊनही माणूस दुकान सांभाळतो, अभ्यास करतो.

सगळ्या गोळ्या दरवाजेच धरतात असं नाही. 1912 पासून वापरात असलेलं फिनोबार्बिटोन आणि आजचं क्लोबाझाम मेंदूचा स्वतःचा ब्रेक, म्हणजे गाबा, जोरात दाबतात. फिट चालू असताना नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे त्याच जातीचा. (तो डॉक्टरांनी दिला असेल तर जवळ ठेवा, कांदा आणि चप्पल हुंगवणं मात्र सोडा आता.) लेव्हेटिरॅसिटाम तिसरीकडेच, इशाऱ्याचं रसायन भरलेल्या पिशव्यांवरच्या एका प्रथिनाला चिकटतं. काहींची त्याने चिडचिड वाढते. घरच्यांना वाटतं स्वभाव बिघडला, तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

आता नेहमीचा प्रश्न. 'दीड वर्ष फिट नाही, मग गोळी कशाला?'

अहो, गोळीने दरवाजा दुरुस्त केलेला नाही, नुसता धरलाय! हात काढला की काय होईल? गोळी एकदम बंद केली तर एकामागून एक फिट येऊन जिवावर बेतू शकतं. साधारण दोन वर्षं फिट आली नाही तर डॉक्टर गोळी कमी करायचा विचार करतात, तोही महिनोन्महिने, हळूहळू. जोतिबाच्या यात्रेत रात्रभर जागरण आणि गोळ्या घरीच, ही जोडी तर फिटला आमंत्रणच.

चुकली म्हणून मनानेच दुप्पटही घेऊ नका. फेनिटॉइनचं गणित विचित्र आहे. एका मर्यादेनंतर यकृताला ते वेगाने उरकता येत नाही. डोस थोडा वाढला तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढतं, माणूस झोकांड्या खायला लागतो.

आणि लग्नाचं. हिंदू विवाह कायद्यातली 'फेफरं नसावं' ही अट 1999 मध्येच काढलीय, तरी स्थळ आलं की गोळ्या लपवल्या जातात. सासरी गेलेली पोरगी चोरून गोळी घेणार कशी? त्यातून ती गोळी व्हॅल्प्रोएट असेल, तर गरोदरपणात बाळाला धोका. व्यंगाचाही आणि पुढे बुद्धीच्या वाढीचाही. दुसरी गोळी बसवायला वेळ लागतो. तेव्हा डॉक्टरांशी हे बोलणं दिवस गेल्यावर नाही, लग्नाची बोलणी चालू असतानाच करा. आणि तोवर चालू गोळी मनाने बंद करू नका.