लाडू न वळणारा बर्फ

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईची तरुण मंडळी पाठीवर सॅक टाकून डेहराडून गाठतात. तिथून उत्तरकाशी जिल्ह्यातलं सांक्री, आणि पुढे केदारकांठा. ती वाट तशी सौम्य. पण एकदा बर्फाची चव लागली की पुढच्या वर्षी पाय उंच खिंडींकडे वळतात. आणि तिथे एक समज घात करतो: बर्फ अजून जेमतेम गुडघाभर आहे, हिमस्खलन व्हायला तो पुरणार कुठून?

पुरतो. मी तर म्हणेन, हंगामाच्या सुरुवातीचा पातळ बर्फच जास्त लबाड.

बर्फाखालच्या जमिनीत उन्हाळ्याची ऊब मुरलेली असते. तिथलं तापमान शून्याच्या आसपास. वर मात्र निरभ्र रात्र, पारा उणे 15. थर फूट-दीड फुटाचाच असला, तर हा सगळा फरक तेवढ्यात मावतो. खालची वाफ वर सरकते आणि जाता जाता बर्फाचे कण बदलून टाकते. पिठीसाखरेसारखा पडलेला बर्फ काही आठवड्यांत जाड्या साखरेसारखा सुटा होतो. मुठीत दाबून पाहा, पाक चुकलेल्या रव्याच्या लाडवासारखा भुरभुरतो. उन्हाला पारख्या, उत्तरेकडच्या उतारांवर हे हमखास घडतं.

मग पश्चिमेकडून झंझावात येतो, नवा बर्फ पडतो आणि वारा तो धारेच्या आडोशाला नेऊन चोपून बसवतो. वर घट्ट लादी, खाली सुटे दाणे. सह्याद्रीत कातळावरच्या घसाऱ्यावर ज्यांचा पाय सटकलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. फक्त इथे घसारा दिसत नाही, आणि निघतो तो अख्खा उतार.

उतारही कुठला? कोकणकड्यासारख्या उभ्या भिंतीवर बर्फ टिकतच नाही. धोका मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारांवर, म्हणजे नेमका जिथे घसरगुंडी खेळावीशी वाटते तिथे.

अनुभव असला म्हणजे सुटका, असंही नाही. 4 ऑक्टोबर 2022 रोजी, हिवाळा लागायच्याही आधी, उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात सापडली. शोधमोहिमेत 27 मृतदेह मिळाले, दोघे तेव्हा बेपत्ता होते. मृतांत प्रशिक्षक सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने 16 दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू सर केले होते.

गाडलेल्या माणसाला पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर काढलं तर तो बहुधा वाचतो. अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो, बोटही हलत नाही. म्हणजे गावातून मदत येईल हा हिशेबच चुकीचा, शोधायचं बरोबरच्यांनीच. प्रत्येकाच्या अंगावर बीकन, म्हणजे गाडलेल्याचा ठावठिकाणा कळवणारं संदेशयंत्र, सॅकमध्ये बर्फात खुपसून माणूस शोधायची जोडकाठी आणि फावडं हवं. एकाकडे असून भागत नाही, आणि माझ्या मते ट्रेकचे पैसे भरण्याआधी आयोजकाला पहिला प्रश्न हाच विचारावा. जेवणाचा मेनू नंतर.

चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. निघायच्या आदल्या रात्री ते बघा. मोठ्या हिमवृष्टीनंतर निदान एक-दोन दिवस मुक्काम वाढवा, परतीचं तिकीट गेलं तरी चालेल. संशयास्पद उतार ओलांडायचाच झाला तर एकेकाने, बाकीच्यांनी नजर ठेवून.

आणि चालताना पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला, बर्फ किंचित खाली बसल्यासारखा वाटला, तर फोटोसाठी थांबू नका. आतले दाणे चेपले गेलेत. आल्या पावलांच्या ठशांवरूनच मागे फिरा.

नमस्कार.