वास उडून गेल्यानंतर

श्रोतेहो, नमस्कार.

लिंबाच्या वासाच्या क्लीनरने फरशी पुसली की तासाभरात वास जातो. आपण म्हणतो, उडून गेला. आज बोलायचं आहे ते त्याच्या पुढच्या प्रवासाबद्दल.

हवेत गेलेल्या बहुतेक रसायनांची गाठ पडते ती हायड्रॉक्सिलशी. ऑक्सिजनचा एक अणू, हायड्रोजनचा एक, एवढाच त्याचा संसार. सूर्याचे अतिनील किरण ओझोनचा रेणू फोडतात, त्यातून सुटलेला ऑक्सिजन पाण्याच्या वाफेला भिडतो आणि दोन हायड्रॉक्सिल तयार होतात. त्यांचं आयुष्य जेमतेम सेकंदभराचं, कारण समोर येईल त्याचा हायड्रोजन ते ओढून घेतात. एका घन सेंटिमीटर हवेत सुमारे २५ अब्ज अब्ज रेणू असतात आणि त्यात हायड्रॉक्सिल सरासरी दहा लाखांच्या घरात. एवढ्या मूठभरांच्या जिवावर सगळ्या पृथ्वीची हवा धुतली जाते, याचं मला आजही नवल वाटतं.

पण धुतली जाते म्हणजे मळ नाहीसा होतो असं नाही. लिंबाच्या वासातलं लिमोनिन घ्या. हायड्रॉक्सिल आणि ओझोन दोघेही त्याच्यावर तुटून पडतात. उघड्या हवेत ते काही तासांत संपतं, पण त्याच्या तुकड्यांतून फॉर्मल्डिहाइड निघतं, आणि जड तुकडे एकमेकांना चिकटून सूक्ष्म कण बनतात. हे कण थेट फुफ्फुसांत खोलवर जातात. त्यात वाहनांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मिसळले की उन्हात जमिनीलगत, श्वासाला त्रासदायक असा ओझोनही तयार होतो. वास नैसर्गिक असला म्हणून यातून सुटका नाही.

डिओडरंट आणि केसांच्या कंडिशनरमधलं सिलिकॉन याहून चिवट. ते काही दिवस टिकतं आणि वाऱ्याबरोबर आर्क्टिकच्या हवेपर्यंत पोचलेलं आढळलं आहे.

लिहिलेलं खोडायच्या पूर्वीच्या व्हाइटनरमध्ये मिथिल क्लोरोफॉर्म असायचं. ते हवेत साधारण पाच वर्षं राहतं, आणि त्याला मोडतं ते मुख्यतः हायड्रॉक्सिलच. उंचावरच्या, अतिनील किरण अडवणाऱ्या ओझोन थराच्या रक्षणासाठी त्यावर बंदी आली, तेव्हा ते हवेतून किती वेगाने कमी होतंय यावरून शास्त्रज्ञांनी जगभरातल्या हायड्रॉक्सिलचा अंदाज बांधला. इतक्या क्षणभंगुर गोष्टीचं मोजमाप व्हाइटनरच्या वाफेने करून दिलं!

आणि जे हायड्रॉक्सिलला अजिबात दाद देत नाही त्याचं काय? स्प्रेचे डबे आणि फ्रिज यांत वापरलेले सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुओरोकार्बन वायू, असेच होते. कशाशीच अभिक्रिया करत नाहीत, म्हणून सुरक्षित मानलेले. त्यातला सीएफसी-१२ तर शंभर वर्षांच्या आसपास टिकतो. ते तसेच्या तसे वर, ओझोनचा थर असलेल्या स्थितांबरात चढले, तिथल्या अतिनील किरणांनी त्यांतला क्लोरीन मोकळा केला आणि त्याने ओझोन पोखरला. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी हा धोका १९७४ मध्ये सांगितला, सीएफसी आवरण्याचा आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करार झाला १९८७ मध्ये.

त्यानंतर सीएफसीच्या जागी आलेला एचएफसी-१३४ए हा वायू ओझोनला धक्का लावत नाही, पण सुमारे १४ वर्षं हवेत राहून उष्णता अडवतो. म्हणून आता गाड्यांच्या एसीत एचएफओ-१२३४वायएफ हा वायू आला आहे. तो दोन आठवड्यांच्या आत मोडतो. हवेसाठी ही चांगलीच बातमी. मात्र मोडून त्याचं होतं ट्रायफ्लुओरोअॅसिटिक आम्ल, ते पावसाबरोबर खाली येतं, आणि पाण्यात पोचल्यावर त्याला तोडू शकेल असं निसर्गात फारसं काही नाही.