नान्नजचा माळ

(सोलापूर–बार्शी रस्ता. दोन्ही बाजूंना पिवळा पडलेला माळ.)

महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. तेच ढग घाट ओलांडून सोलापूरपर्यंत येतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. इथली वर्षाची बेरीज साडेपाचशेच्या आसपास, आणि तिचाही भरवसा नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. जमीन मुरमाड. अशा ठिकाणी दाट जंगल होत नाही, गवत होतं. आणि गवतात सुट्ट्या सुट्ट्या बोरी, बाभळी, हिवर.

कुठं कोणती जीवसृष्टी नांदणार, हे मुख्यतः पाऊस आणि तापमान ठरवतात. त्यानुसार जगाचे जे मोठे भाग पडतात, त्यांना बायोम म्हणतात. सायबेरियातलं सूचिपर्णी जंगल, तैगा, हा एक, सहारा वाळवंट हा दुसरा. आपला माळ सॅव्हानात मोडतो, म्हणजे गवत आणि त्यात विखुरलेली झाडं असलेल्या उष्ण मुलखात. टांझानियाचं सेरेंगेटी आणि ब्राझीलचं सेराडो हे त्याचे भाऊबंद. सरकारी दप्तरात मात्र इंग्रजांच्या काळापासून असल्या जमिनीवर ‘पडीक’ असा शिक्का. सारा मिळत नाही ती पडीक, एवढाच हिशेब.

(अगदी जवळून: तळहातावर एक कुसळ.)

हे कुसळी गवताचं बी. पुढं सुईसारखं टोक, मागं पीळ पडलेली लांब शेपटी. हवेत ओल आली की पीळ सुटतो, ऊन तापलं की परत बसतो. या उलटसुलट फिरण्यात बी गिरमिटासारखं मातीत शिरतं. कुणी पेरायला नको. लांब जायचं असेल तर मेंढीची लोकर आहेच. लोकरीला लटकून ते गावाची शीव ओलांडतं. माळावरून फिरून आलात तर तुमच्या मोज्यांतूनही.

(पावसाळा. हिरवं गवत, चरणारा कळप.)

पाऊस पडला की नाकतोड्यांचा सुकाळ. चंडोल, सरडे सगळे त्यांच्यावर टपलेले. कोतवाल पक्षी तर मेंढीच्या पाठीवर बसूनच येतो. मेंढ्या चालल्या की गवतातले किडे उडतात, हा वरच्या वर टिपतो. मेंढीला त्यात ना नफा ना तोटा. याला सहभोजिता म्हणतात. नाकतोडे अंडी घालतात मातीत, आणि ती अंडी हिंग्यांच्या, म्हणजे एका जातीच्या भुंग्यांच्या, अळ्या फस्त करतात. तेच हिंगे मोठे झाले की पिकाच्या फुलांवर ताव मारतात, शेतकरी वैतागतो. आणि हिंगे आवडीनं खातो तो माळढोक पक्षी.

हिवाळ्यात मध्य आशियातल्या स्टेपवरून, म्हणजे तिकडच्या गवताळ मैदानांवरून, भोवत्या पक्षी येतात. झाडावर नाही, रात्रीचा मुक्काम गवतातच, जमिनीवर. तिकडचीही जमीन अशीच उघडी.

(संध्याकाळ. धनगराचा वाडा, भोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण.)

सुगी झाली की शेतकरी रानात मेंढ्या बसवतो. त्याला लेंडीखत मिळतं, मेंढक्याला धान्य नाहीतर पैसे. दोघांचाही फायदा. लांडग्याचं गणित वेगळं. काळवीट पळतं, मेंढी सोपी. वाघर लावली, कुत्री राखली, तरी एखादं कोकरू जातंच.

(जुनं छायाचित्र: गवतात उभा माळढोक.)

माळढोकासाठी १९७९ साली इथं अभयारण्य झालं. कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावं, शेतं, सगळंच आलं. पुढं ते १,२२२ वर आणलं. हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुतेक वेळा एकच अंडं घालतो, आणि दूरवर नजर ठेवून जगतो. वनीकरणाच्या हौसेनं माळावर गिरिपुष्प, सुबाभूळ लावली तर त्याची नजरच अडते. विजेच्या तारांचं तर विचारूच नका. डोळे बाजूला, समोरचं नीट दिसत नाही, आणि अंग इतकं जड की ऐन वेळी वळता येत नाही. देशात आता दीडशेच्या आत उरलेत, तेही बहुतेक जैसलमेरकडं. नान्नजला दिसलाच तर एखादा.

(ज्वारीचं शेत, पहाट.)

काळवीट मात्र टिकलंय, चांगलं टिकलंय. मालदांडी ज्वारीचा कोवळा पोंगा दिसला की कळप शेतात. नान्नजच्या भागात त्यामुळं रात्र रात्र राखण करावी लागते. १९७२च्या कायद्यानं काळविटाला पूर्ण संरक्षण आहे, तेव्हा हातात बॅटरी घ्यायची, डबा बडवायचा आणि ओरडायचं. कळप बांधावर जाऊन थांबतो, आणि माणूस झोपायची वाट बघतो.