जुन्या गाडीचे नवे भाव

(इंदूरमधील एका मराठी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

श्रोतेहो,

महागड्या मोटारींचा विषय इंदूरकरांना नवा नाही. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ज्या दशकात एकार्ट मुथेसिउस या जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा उभारून घेतला, त्याच दशकात त्यांनी अमेरिकेतून ड्युझेनबर्ग एसजे मागवली आणि सुपरचार्जरसह, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपासह, सुमारे 320 अश्वशक्ती असलेल्या त्या गाडीची बॉडी इंग्लंडमध्ये गर्नी नटिंग यांच्याकडे बांधून घेतली. मात्र ज्याच्या दाराशी हत्ती झुलतो, त्याच्या पदरी माहूतही असतो आणि चाऱ्याची कोठारेही असतात. आज हत्ती हप्त्यावर मिळतो. माहूत आणि चारा यांचा विचार नंतर होतो.

इंजिनकामात आयुष्य गेल्यामुळे माझ्याकडे तरुण मंडळी एकच प्रश्न घेऊन येतात : "काका, आठ-दहा वर्षे वापरलेली पोर्शे नव्या एसयूव्हीच्या भावात मिळते आहे, घेऊ का?" त्यांना मी सांगतो की गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. कोटीभर रुपयांची गाडी तिसाव्या लाखाला आली, तरी तिचा क्लच, तिचे ब्रेक आणि तिचे शॉकअॅब्सॉर्बर कोटीच्या गाडीचेच राहतात आणि त्यांवर आयात शुल्कही भरावे लागते. 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला' ही म्हण इथे अर्धीच लागू पडते, कारण ही कोंबडी मुळात चार आण्यांची नव्हतीच.

आता विश्वासार्हतेकडे येऊ. या गाड्या सदोषच असतात, हा समज मला मान्य नाही. प्रत्येक इंजिनाचा एखादा ठरावीक दुबळा भाग असतो आणि तो ठाऊक असणाऱ्याला निम्मे कोडे सुटलेले असते. 1997 मध्ये आलेल्या 996 पिढीच्या पोर्शे 911 चे उदाहरण घ्या. तिच्या इंजिनात कॅमशाफ्टला, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्याला, गती देणारा एक मधला शाफ्ट असतो आणि त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग असते. सील झिजले की इंजिन ऑइल आत शिरून ग्रीस धुऊन नेते, बेअरिंग खिळखिळे होते आणि ते मोडले की बहुधा इंजिनालाही सोबत घेऊन जाते. हे बेअरिंग गिअरबॉक्सच्या बाजूला असल्यामुळे क्लच बदलताना, म्हणजे गिअरबॉक्स उतरलेलाच असताना, तेही बदलून घेणे शहाणपणाचे. पुढच्या 997 पिढीत त्याचा आकार वाढवला. त्यामुळे ते क्वचितच बिघडते, पण इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय बाहेरही निघत नाही. 2009 च्या मॉडेलपासून नव्या इंजिनात तो मधला शाफ्टच राहिला नाही. एकाच नावाच्या, दिसायला जुळ्या वाटणाऱ्या 2008 आणि 2009 च्या दोन गाड्यांमध्ये निवड करताना हा फरक रंगापेक्षा आणि सीटच्या चामड्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

बीएमडब्ल्यूच्या ई92 पिढीतील एम3 ची नाजूक जागा वेगळी, ती म्हणजे कनेक्टिंग रॉडची, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याची, बेअरिंगे. थंड इंजिन ताणू नये म्हणून या गाडीच्या टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीवर, दिवे असतात. ऑइल तापत जाते तशी फेऱ्यांची मर्यादा पुढे सरकते. मागच्या मालकाने ते दिवे पाळले की नाही, हे मात्र कोणत्याही सर्व्हिस बुकात लिहिलेले नसते. फेरारीबद्दल एवढेच सांगतो की एफ355 चा टायमिंग बेल्ट (झडपांची वेळ सांभाळणारा पट्टा) बदलायला इंजिन खाली उतरवावे लागते. 360 मोडेनात तेच काम सीटांमागचे झाकण काढून होते.

मग पाहणी कशी करावी? ओडोमीटरवर माझा विश्वास नाही. पोर्शेच्या इंजिन संगणकात इंजिन एकूण किती तास चालले याची नोंद असते. आकडा 30 हजार किलोमीटर दाखवत असेल आणि तास 1,500 असतील, तर सरासरी वेग ताशी 20 किलोमीटर येतो. आपल्या पलासिया चौकातील गर्दी पाहता ते पटते. तास 3,000 निघाले, तर सरासरी 10 वर येते आणि मग मी विक्रेत्याचा चहा न घेता उठतो. त्याच संगणकात मर्यादेबाहेर गेलेल्या फेऱ्यांचीही नोंद असते. पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला, तर चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंधन तोडून फेऱ्या रोखणारी यंत्रणा तिथे काहीच करू शकत नाही. अशी चूक फार मागे घडून इंजिन त्यानंतर शेकडो तास सुरळीत चालले असेल, तर मी ती सोडून देतो. ताजी असेल तर गाडी सोडतो. शिवाय स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये दुर्बिणीचा कॅमेरा घालावा आणि भिंतींवर उभे ओरखडे आहेत का ते पाहावे. विक्रेता याला नकार देत असेल, तर उत्तर मिळालेच.

टायरच्या कडेवर चार अंक असतात. 3218 म्हणजे 2018 चा 32 वा आठवडा. फिरवली न जाणारी गाडी नक्षी शाबूत असलेले, पण रबर कडक झालेले टायर दाखवते आणि ग्राहक खूष होतो. "फार कमी चालली आहे" या वाक्याची मला म्हणूनच धास्ती वाटते. उभ्या गाडीची बॅटरी उतरते आणि सील सुकतात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषते आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नसतात.

गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याइतकी रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला काढावी, हा माझा अंदाज आहे, शास्त्र नव्हे. माझ्या भाच्याने तसे न करता जुनी पोर्शे बॉक्स्टर घेतली. पहिल्या पावसाळ्यात तिचा कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) गळू लागला आणि भाग परदेशातून यायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत तो माझ्या जुन्या मारुतीने कामावर जात होता आणि बॉक्स्टरचा हप्ता भरत होता.