कणीचा भात, हार्लेममधला

मंडळी, न्यूयॉर्कला निघालेल्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं असतं. टाइम्स स्क्वेअर पटकन उरका आणि सबवेनं हार्लेमला, पश्चिम ११६व्या रस्त्यावर या. या भागाला 'लिटल सेनेगल' म्हणतात. १९८०च्या दशकापासून पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलची माणसं इथं येऊन राहिली. कानावर त्यांची वोलोफ भाषा आणि फ्रेंच पडतं. खाणावळी अगदी छोट्या, चार-सहा टेबलांच्या.

मेन्यूकार्ड मिळतं, पण त्याच्यावर विसंबू नका. गल्ल्यावरच्या बाईंना 'आज काय आहे?' एवढंच विचारा. दुपारी बहुधा चेबू जेन असतं, म्हणजे मासे-भात. संध्याकाळी गेलात तर पातेलं संपलेलं असण्याचीच शक्यता जास्त. मग यासा घ्या, लिंबू आणि मोहरीत मुरवलेली कोंबडी, वर ढीगभर परतलेला कांदा. वाईट नाही, पण मी जातो दुपारीच. दारू बहुतेक ठिकाणी ठेवत नाहीत. बिसाप प्यावं, लाल अंबाडीच्या बोंडांचं गार सरबत.

आता चेबू जेन. माशाच्या जाड तुकड्याला चिरा देऊन त्यात पार्सली, लसूण, मिरचीचं वाटण ठासून भरतात. टोमॅटोच्या रश्श्यात तो मासा, कोबी, गाजर, वांगं, कसावा (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद) असं सगळं शिजवून बाजूला काढायचं आणि त्याच रश्श्यात भात शिजवायचा. हा तांदूळ अख्खा नसतो. कणी असते! आपल्याकडे जी पेजेला लावतात, नाहीतर कोंबड्यांना टाकतात, तीच.

कणी का? सेनेगल फ्रेंचांची वसाहत होती, तेव्हा त्यांनी तिथल्या शेतकऱ्याला भुईमुगाला जुंपलं. शेंगा तेलासाठी फ्रान्सला जायच्या आणि खायच्या धान्याची जमीन आटत गेली. ती तूट भरायला फ्रेंच इंडोचायनातल्या, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या बाजूच्या, गिरण्यांत उरलेला तुकडा तांदूळ जहाजानं आणला. मालकाच्या लेखी तो दुय्यम माल. पण कणी रस्सा चांगली पिते, हे सेनेगलच्या बायकांच्या लक्षात आलं आणि तीच आवडीची झाली. आज तिथं परवडत असूनही माणसं कणीच मागतात. २०२१मध्ये युनेस्कोनं हा पदार्थ सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. मिरवायला ठीक आहे. ११६व्या रस्त्यावर त्यानं काही अडलेलं नव्हतं.

आणि यात आपणही आहोत बरं का. सेनेगलला जाणारी कणी हल्ली बरीचशी भारतातून जाते. सप्टेंबर २०२२मध्ये आपल्या सरकारनं कणीच्या निर्यातीवर बंदी घातली. पुढे सेनेगलसाठी ठरावीक साठा खास परवानगीनं सोडावा लागला.

जाल तेव्हा तळाची खरपुडी मागून घ्या. लालसर, तेलकट, कुरकुरीत असते. ओळखीच्या गिऱ्हाइकांसाठी आधीच काढून ठेवलेली असते, म्हणून बसल्या बसल्याच सांगायचं.